अक्काशेजारी अक्का

अक्काचा फोन आला की नाना उभे राहून बोलतात. फोन भिंतीजवळच्या स्टुलावर होता तेव्हाही ते उभे राहत, आणि आता तो खिशात आला तरी उभेच राहतात. जेवत असोत, पलंगावर आडवे होऊन पेपर वाचत असोत, पलीकडून "नान्या" असा आवाज आला की ते ताडकन उठतात आणि शर्टाचं वरचं बटण लावतात. एरवी नाना भित्रे नाहीत. पाणीपुरवठा कार्यालयात ते तक्रार विभाग सांभाळतात. नळाचं गढूळ पाणी बाटलीत भरून आणून टेबलावर आपटणारी माणसं त्यांनी वर्षानुवर्षं शांतपणे झेलली आहेत. फक्त अक्कासमोर त्यांची बोबडी वळते.

अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. शहरातल्या निम्म्या लोकांना तिनं शिकवलं आणि उरलेल्यांना वर्गाबाहेर उभं केलं, असं म्हणतात. नाना दोन्हींत मोडत.

"नान्या, माझी पंचाहत्तरी शाळेच्या सभागृहात करतायत. मी नको म्हटलं, तरी ऐकत नाहीत."

अक्कानं नको म्हटल्यावरही न ऐकणारी माणसं या जगात आहेत, याचं नानांना मनापासून नवल वाटलं.

"त्यांना ती डिस्क हवी आहे. एकामागून एक फोटो येतात आणि मागे संगीत वाजत असतं, तसली. ती तू करून आण."

"मी?"

"मग काय माझी मीच करू? आणि हे बघ, फोटो जसे आहेत तसे दिसले पाहिजेत. एकही गाळायचा नाही. संगीत असू दे, पण आवाज नको."

आवाज नसलेलं संगीत कुठे मिळतं, हे विचारायची नानांची छाती झाली नाही. ते "हो" म्हणाले, आणि फोन बंद झाल्यावरही थोडा वेळ उभेच राहिले.

अल्बम घरी आले. जाड काळी पानं, मध्ये जाळीदार कागद, फोटोंच्या कोपऱ्यांना चिकटवलेले त्रिकोण. नानांच्या बायकोनं पहिलं पान उघडलं आणि लगेच मिटलं.

"अहो, यात भोकं आहेत."

भोकं आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त त्याबद्दल कोणी बोलत नसे. नानांना दोन बहिणी. थोरली अक्का, मधली माई. आई गेल्यावर आईचं शिवणयंत्र कुणाकडे राहावं यावरून दोघींचं जे वाजलं, ते वाजलंच. यंत्र माईकडे गेलं आणि पाठोपाठ अक्काच्या अल्बममधली प्रत्येक माई कात्रीनं कापली गेली. तीही अशीतशी नाही, अगदी कडेकडेनं, वेणीच्या टोकापासून चपलेपर्यंत. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद, येणंजाणं बंद, आणि अक्कासमोर माईचं नाव काढणंही बंद. जी बाई सख्ख्या बहिणीला असं कापून काढते ती आपल्यासारख्या किरकोळ भावाचं काय करेल, या विचारानं नानांची भीती दर वर्षी थोडी वाढतच गेली होती.

एका फोटोपाशी तर ते नेहमी अडखळत. त्यात चड्डीतले छोटे नाना उभे आहेत, केस ओले, नाक पुसलेलं. एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला बाईच्या आकाराचं भोक. आणि नानांच्या खांद्यावर एक हात. मनगटापर्यंतचाच. हाताच्या मागे कोणीच नाही.

"हा फोटो लावायचा?" बायकोनं विचारलं.

"एकही गाळायचा नाही म्हणालीये."

"सभागृहात पडद्याएवढा मोठा दिसेल हो हा हात."

नाना त्या दिवशी जेवले नाहीत.

वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. ते आयुष्यभर विमा कंपनीत होते, पण बोलतात असे की साऱ्या इमारतीत त्यांना मेजर म्हणतात. डिस्क हा शब्द जिन्यातून वर कसा गेला कोण जाणे, मेजर खाली आले आणि पाय पसरून बसले.

"नानासाहेब, डिस्क म्हणजे मोहीम आहे. फोटो महत्त्वाचे नाहीत. महत्त्वाचं काय? एक फोटो जाऊन दुसरा येतो तो क्षण. आमच्या मेव्हण्याच्या डिस्कमध्ये आम्ही प्रत्येक फोटो गिरक्या घेत आणला. शेवटी चौघांना चक्कर आली. पण विसरलं नाही कोणी."

"अक्काला गिरक्या आवडणार नाहीत."

"मग बदाम उडवा. लाल बदाम."

अक्काच्या आजूबाजूला लाल बदाम उडताहेत, ही कल्पना मनात येताच नानांनी मेजरांना जिन्यापर्यंत पोचवून दिलं. त्यांनी ठरवलं की निदान फोटो तरी आपले आपण स्कॅन करावेत. कार्यालयात स्कॅनर होता. रीतसर परवानगी मागितली तर साहेब विचारणार, कुणाचे फोटो, कशासाठी. म्हणून जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसल्यावर नानांनी अक्काचा एक चांगला मोठा फोटो काचेवर पालथा घातला, झाकण लावलं आणि हिरवं बटण दाबलं.

हिरवं बटण स्कॅनचं नव्हतं. ते मोठी प्रत काढण्याचं होतं, आणि प्रत निघत होती साहेबांच्या खोलीतल्या यंत्रातून. ती एका कागदात मावणारी नव्हती, म्हणून यंत्र अक्काला भागाभागानं बाहेर सोडत होतं. आधी कपाळ आलं. मग दोन डोळे.

नाना धावत खोलीत शिरले तेव्हा साहेब डोळ्यांचा कागद हातात धरून खुर्चीजवळ उभे होते. चेहरा पांढरा पडलेला.

"या... बाई ना?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

"हो. माझी बहीण."

"सातवीला मला होत्या." साहेबांनी तो कागद दोन्ही हातांनी परत केला. "असं करा, तुम्ही सुट्टी घ्या. लागेल तेवढी घ्या. पण हे काम इथे नको."

सरकारी कचेरीत रजा इतक्या झटपट मंजूर झाल्याचं नानांनी कधी पाहिलं नव्हतं. पण आनंद मानायला मन ठिकाणावर हवं. ते अल्बम काखेत मारून तडक बाजारातल्या फोटो स्टुडिओत गेले.

स्टुडिओवाला उत्साही माणूस होता. नानांना उत्साही माणसांची आधीपासूनच धास्ती वाटते. त्यानं पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि भोकातून बोट आरपार घालून पाहिलं.

"साहेब, हे काय झालंय?"

आता घरातलं धुणं बाजारात कसं धुवायचं? थोरल्या बहिणीनं मधलीला कापलं, हे परक्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं? नानांच्या तोंडून जे बाहेर पडलं ते असं:

"उंदीर."

स्टुडिओवाल्यानं एक फोटो उजेडात धरला. उंदरानं साडीच्या निऱ्यांपर्यंत सगळं नीट कुरतडलं होतं.

"हुशार उंदीर आहेत हो तुमच्याकडे."

"बहिणीकडे," नाना म्हणाले. एकदा खोटं बोललं की तपशील आपोआप सुचतात. "खूप उंदीर आहेत. घरभर."

"काळजीच सोडा. फोटो दुरुस्त करणं हेच तर माझं काम. बाईंना बघून आनंद होईल असं करून देतो. संगीतही माझ्यावर सोडा. माझ्याकडे एक फार गंभीर पियानो आहे."

इथेच नानांनी थांबवायला हवं होतं. पण थांबवायचं तर उंदरांचं खरं सांगावं लागलं असतं. ते नुसतं "जसे आहेत तसे" एवढंच पुटपुटले, आणि स्टुडिओवाला "अगदी तसेच" म्हणाला.

त्यानंतर नाना रोज चक्कर मारत आणि तो रोज "सरप्राइज आहे" म्हणे.  आज दाखवतो, उद्या दाखवतो असं करत थेट कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्यानं नानांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. पियानो सुरू झाला. कोणीतरी अंधारात दाराची कडी हळूच काढतंय, असं वाटायला लावणारा पियानो होता तो.

पहिला फोटो आला. भोक नव्हतं. नानांनी सुटकेचा श्वास घेतला आणि तो अर्ध्यातच अडकला. बागेतल्या बाकावर अक्का बसली होती, आणि अक्काशेजारी अक्का बसली होती.

"हे काय?"

"बाई हवी होती ना तिथे. उंचीला जुळणारी दुसरी कोणी सापडेना. मग त्यांनाच घेतलं. साडीचा रंग बदललाय बघा, कळणारसुद्धा नाही."

दुसऱ्या फोटोत अक्का अक्काच्या गळ्यात हात टाकून हसत होती. तिसऱ्यात एक अक्का झोपाळ्यावर होती आणि दुसरी तिला झोका देत होती. मग तो ओल्या केसांच्या छोट्या नानांचा फोटो आला. तिथे आता दोन्ही बाजूंना अक्का होत्या, आणि दोघी नानांकडेच बघत होत्या. ज्या माणसाला जन्मभर एक अक्का झेपली नाही, त्याला असं मधोमध उभं केलेलं पाहून नानांनी खुर्ची मागे सरकवली.

"काढून टाक," ते कसेबसे म्हणाले. "सगळं काढून टाक."

"आता कसं काढणार? डिस्क तर शाळेत पोहोचवली कालच. तुमची धावपळ नको म्हणून मीच देऊन आलो."

नाना शाळेत पोहोचले तेव्हा डिस्क मुख्याध्यापिकांच्या कपाटात कुलूपबंद होती. हल्लीच्या मुख्याध्यापिका तरुण, हसऱ्या आणि अक्काच्याच विद्यार्थिनी.

"डिस्क नाही देता येणार, सर. बाईंचा सकाळीच फोन आला होता. कार्यक्रमापर्यंत कोणाच्या हाती द्यायची नाही म्हणाल्या. तुमच्यासुद्धा."

"मी भाऊ आहे तिचा!"

"हो. त्यांनी तुमचं नाव खास घेतलं होतं."

नाना परत स्टुडिओवर आले. या वेळी बायको बरोबर होती. तिनं स्टुडिओवाल्याला भोकांबद्दल एका वाक्यात खरं काय ते सांगून टाकलं, अक्काच्या घरभरच्या उंदरांचा विषय मात्र तसाच राहिला. आपण जे सांगायला घाबरत होतो ते एका वाक्यात मावतं, हे नानांना फार लागलं.

"त्या दुसऱ्या ताईंचे फोटो आणा," स्टुडिओवाला म्हणाला. "दुपारपर्यंत आणलेत तर त्यांना बसवतो आणि नवी डिस्क देतो."

माईचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन खोल्या, दाराशी चिंध्यांचं गाठोडं, आणि खिडकीखाली आईचं शिवणयंत्र. माई कपडे शिवते. नानांनी सगळं सांगितलं तेव्हा ती एका बाहीला शिलाई घालत होती. दोन अक्कांचं ऐकल्यावर तिचा पाय यंत्राच्या पायडलवर थांबला. तिनं यंत्राचा छोटा खण ओढला, आतल्या रिळांखालून एक लिफाफा काढला आणि नानांच्या हातात ठेवला.

लिफाफ्यात माया होत्या. दोन वेण्यांतली माई, परकरातली माई, साडी पहिल्यांदा नेसलेली माई. सगळ्या कडेकडेनं कापलेल्या.

"हे तुझ्याकडे कसे? अक्कानं पाठवले?"

"अक्कानं कुठे कापले?" माई म्हणाली. "मी कापले. आईच्या कात्रीनं, तिच्या डोळ्यांसमोर. तुझ्या अल्बममध्ये मला राहायचंच नाही म्हणाले आणि एकेक पान घेऊन बसले."

नाना गाठोड्यावरच बसले.

"पण आम्ही सगळे तर समजत होतो..."

"माहीत आहे मला. मला वाटलं, ती सांगेल सगळ्यांना. मग तुम्ही माझ्याशी भांडायला याल, आणि मी एकदाची सगळं बोलून टाकेन. मी वाट बघत होते. ती बोललीच नाही. सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन बसली." माईनं बाही उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "आता कोणत्या तोंडानं जाऊ? दारात उभी राहिले आणि ती नुसतं बघत राहिली तर? तिचं ते बघणं ठाऊक आहे ना तुला?"

नानांना ते चांगलंच ठाऊक होतं. इतकी वर्षं आपण एकटेच घाबरतो असं ते धरून चालले होते. माईनं ती बाही पुन्हा एकदा उलटी केली, आणि ते बघून त्यांना तिच्याबद्दल फार वाईट वाटलं.

"मी येणार नाही," माई म्हणाली. "लिफाफा ने."

"तुम्ही व्हा पुढे," बायको नानांना म्हणाली. "मी जरा बसते वन्संजवळ."

स्टुडिओला कुलूप होतं. दारावर चिठ्ठी होती, "लग्नाच्या शूटिंगला गेलो आहे." नाना त्या कुलपासमोर किती वेळ उभे होते ते त्यांना आठवत नाही. मग ते लिफाफा खिशात घालून शाळेत गेले, कारण न जाणं जास्त धोक्याचं होतं.

सभागृह भरलं होतं. अक्का पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर ताठ बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या आदरानं रिकाम्या सोडल्या होत्या. नानांचे साहेबही आले होते. ते दूर, खांबाआड बसले होते. मेजर पुढे येऊन नानांना म्हणाले, "बदाम घेतलेत ना?"  दिवे मालवले आणि पियानो सुरू झाला.

दाराची कडी निघाल्यासारखी वाटली, आणि पडद्यावर अक्काशेजारी अक्का येऊन बसली.

सभागृहात एकही माणूस हसला नाही. हसू आलं नाही असं नव्हे, पण ज्यांना आलं त्यांनी ते दाबून धरलं. गळ्यात गळा घातलेल्या अक्का आल्या. झोका देणारी अक्का आली. मागे कोणीतरी घाबरून खोकलं. मग दोन अक्कांच्या मधले छोटे नाना भिंतभर मोठे होऊन उभे राहिले, आणि अंधारातून आवाज आला:

"थांबवा."

पियानो बंद झाला. दिवे लागले. अक्का उठून उभी राहिली, आणि ती उठली तसं सवयीनं सगळं सभागृह उभं राहिलं. शाळेचं कार्यकारी मंडळ उभं राहिलं, साहेब उभे राहिले, मेजरसुद्धा.

"नान्या, इकडे ये."

नानांचे पाय पुढे गेले. ते स्वतः मागेच राहावेत अशी त्यांची फार इच्छा होती.

"ही कोण?"

"तू."

"आणि ही?"

"तू... पण."

"एक मी पुरत नव्हते तुम्हाला?" अक्का पडद्याकडे बघत राहिली. तिचा आवाज उतरला. "तिथे माई होती."

इतक्या वर्षांत ते नाव कोणी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. नानांनी खिशातून लिफाफा काढला, पण घाईत तो उलटाच धरला आणि सगळ्या माया जमिनीवर सांडल्या. अक्काला वाकताना पाहिलेलं माणूस त्या सभागृहात नव्हतं. ती वाकली. दोन वेण्यांतली माई उचलून डोळ्यांजवळ नेली.

"कान कापलाय हिनं स्वतःचा. कात्री सावकाश चालव म्हटलं होतं मी."

"म्हटलं नव्हतंस!" मागून आवाज आला. शेवटच्या रांगेत नानांच्या बायकोशेजारी माई उभी होती. पदर मुठीत, रडवेली आणि तितकीच चिडलेली. "तू काहीच म्हणाली नव्हतीस. नुसती बघत होतीस."

"मग काय करायला हवं होतं? हात लटपटत होते तुझे. हिसकावली असती तर बोट कापून घेतलं असतंस."

"निदान नंतर सगळ्यांना सांगायचंस, की मी कापले."

"कशाला? मला तसेही घाबरतात सगळे. त्यात आणखी थोडे." अक्कानं पुन्हा पडद्याकडे बघितलं. नानांच्या खांद्यावरचा तो हात तसाच होता, आता उगाचच अक्काला जोडलेला. "आणि हा हात तेवढा का ठेवलास?"

माई मधल्या वाटेनं पुढे आली. 

"तो काढायचा तर नान्याचा खांदा कापावा लागला असता."

दोघी नानांकडे बघायला लागल्या. नाना आयुष्यभर ज्या बघण्याला घाबरले ते हेच. फक्त आज अक्काचे डोळे भरलेले होते, आणि असं काही घडू शकतं हे कोणी त्यांना आधी सांगितलं नव्हतं.

"बसा," अक्का म्हणाली.

सगळं सभागृह धाडकन बसलं. नाना तेवढे उभे राहिले, कारण हे आपल्यालाही लागू आहे असं त्यांना वाटलंच नाही.

"तुलाही म्हणतेय, नान्या. बस की रे जरा."

अक्काच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. एकीवर माई बसली, दुसरीवर नाना. अक्काशेजारी बसायची त्यांची ती पहिलीच वेळ. उरलेली डिस्क तशीच पुढे चालवली, आणि प्रत्येक दुसऱ्या अक्काच्या जागी माईचा कुठला तुकडा बसतो यावर दोघी शेवटपर्यंत हुज्जत घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी नाना चहा पीत बसले होते, तेव्हा फोन वाजला. अक्का. सवयीनं ते अर्धे उठले. मग त्यांना आदली संध्याकाळ आठवली, ते हसले, पुन्हा नीट बसले, पाठही टेकली, आणि आयुष्यात पहिल्यांदा बसून म्हणाले, "बोल, अक्का."

"नान्या, तो स्टुडिओवाला आला होता अल्बम घेऊन. पिंजरा पण आणलाय त्यानं. माझ्या घरभर उंदीर आहेत असं कोणी सांगितलं त्याला?"

नानांनी कप खाली ठेवला.

"विचार, विचार त्याला," अक्काच्या मागून माईचा आवाज आला. "सोडू नकोस."

नाना उभे राहिले आणि त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.